दोन पौंड साबण, ऐरणीविना लोहारशाळा आणि जळालेलं दफ्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या प्रकल्पासाठी सरांनी अमेरिकेच्या युद्धखात्याचा १७८४ ते १८०० चा पत्रव्यवहार वाचायला सांगितला. पन्नासेक पत्रं वाचून झाली. सगळीकडे पिठाची पिंपं, बुटांचे जोड, ब्लँकेट आणि पावत्या. ‘यात इतिहास कुठे आहे? लढाया सोडून हे वाचतं कोण?’

मी वाचतो. सकाळचा चहा झाला की दोन तास. मी इतिहासकार नाही. ३१ वर्षं एका सरकारी भांडारात काढली, स्टोअरकीपर म्हणून लागलो आणि वरच्या खुर्चीवरून निवृत्त झालो. मुलाने एकदा दाखवलं की ही जुनी पत्रं ऑनलाइन आहेत आणि कोणीही स्वयंसेवक ती वाचून टंकित करून देऊ शकतो. तेव्हापासून नाद लागला. आमच्या हिचं म्हणणं असं, की माणूस घरी आला पण त्याचं ऑफिस अजून सुटलेलं नाही.

आधी एक गोष्ट. तुम्ही जे वाचताय ते मूळ दफ्तर नाहीच. ते जळालं. राजधानी फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला हलली आणि काही महिन्यांतच, ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री, युद्धखातं ज्या भाड्याच्या घरात होतं तिथे आग लागली. स्वतंत्र झाल्यापासूनची खात्याची कागदपत्रं राख झाली. पुढच्या जानेवारीत अर्थखात्याच्या इमारतीतही आग लागली. निवडणुकीचा मोसम होता, त्यामुळे विरोधी वृत्तपत्रांनी ‘हिशेब दाबायला यांनीच काड्या लावल्या’ अशी बोंब ठोकली. पण पत्राला दोन टोकं असतात. पाठवणाऱ्याकडे नकलेची वही असते, मिळालेल्याकडे मूळ पत्र. ही दुसरी टोकं दोनशेहून जास्त संग्रहांतून गोळा करून अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या मंडळींनी चाळीस हजारांहून जास्त कागद पुन्हा एकत्र आणले. जनरल वेनची कागदपत्रं एकीकडे, युद्धमंत्री नॉक्सची दुसरीकडे. म्हणून एखाद्या पत्राचं उत्तर सापडत नाही तेव्हा चिडू नका. ते दिलंच नसेल किंवा जळालं असेल. यातलं कुठलं, हे शोधण्यातच अर्धी मजा आहे.

आता तुमच्या पिठाकडे वळू.

एप्रिल १७९० च्या कायद्यात शिपायाचा रोजचा शिधा लिहिलेला आहे: एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, आणि अर्धा गिल रम, ब्रँडी किंवा व्हिस्की. अर्धा गिल म्हणजे साधारण ६० मिली, आपल्या हिशेबाने एक मोठा पेग. शिवाय दर शंभर शिध्यांमागे एक क्वार्ट मीठ, दोन क्वार्ट व्हिनेगर, दोन पौंड साबण आणि एक पौंड मेणबत्त्या. म्हणजे माणशी दिवसाला नऊ ग्रॅम साबण. हे वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो. मग लक्षात आलं की हा कायदा आहे, देशाच्या संसदेने मंजूर केलेला. नवं राष्ट्र, तिजोरीत खडखडाट, आणि कायमची फौज ठेवली तर ती उद्या आपल्याच मानेवर बसेल ही भीती. म्हणून साबणसुद्धा कायद्याने बांधून टाकला. साध्या शिपायाचा पगार महिना तीन डॉलर. त्यातून ९० सेंट कपड्यांचे आणि १० सेंट दवाखान्याचे कापायचे. हातात दोन.

हा शिधा सरकार स्वतः विकत घेत नसे. कंत्राटदार प्रत्येक ठाण्यासाठी एका शिध्याचा ठरावीक दर बोलून काम घ्यायचा. कागदावर झकास: भाव पडला-चढला तर जोखीम त्याची. पण ज्याला ठरलेल्या दराने द्यायचंय, त्याचा नफा कमी देण्यात, उशिरा देण्यात आणि हलकं देण्यात असतो. हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे एकदा ताडपत्र्या आल्या, दोऱ्या आल्या नाहीत. चौकशी केली तर दोऱ्या दुसऱ्या टेंडरात होत्या आणि ते टेंडर अजून उघडायचं होतं. पावसाळा मात्र वेळेवर आला.

म्हणून १७९१ ची पत्रं वाचताना माझ्या पोटात कालवलं. ते वर्ष तुम्ही घ्याच. ओहायो नदीच्या उत्तरेकडची जमीन तिथल्या मायामी, शॉनी वगैरे लोकांची. ती आपल्या ताब्यात आणायला अमेरिकेने जनरल आर्थर सेंट क्लेअरला पाठवलं. तो मे महिन्यात फोर्ट वॉशिंग्टनला, म्हणजे आजच्या सिनसिनाटीला पोचला आणि वाट बघत बसला. क्वार्टरमास्टर, म्हणजे फौजेचं सामान बघणारा अधिकारी, सॅम्युअल हॉजडन, ज्याने तिथे असायला हवं, तो पिट्सबर्गमध्येच. सप्टेंबर उजाडला तेव्हा तो आला. फिलाडेल्फियाहून नॉक्स ‘त्वरा करा’ म्हणून लिहितोय, पत्र डोंगर ओलांडून पिट्सबर्गला, तिथून बोटीने ओहायोतून खाली. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, बोटी गाळात रुततात. मंत्र्याचा संताप जागेवर पोचेपर्यंत शिळा झालेला असतो.

सामान आलं ते असं: तंबू गळके, बंदुकीची दारू हलकी, कुऱ्हाडी थोड्या. फिरत्या लोहारशाळेच्या दोन गाड्या आल्या, भाता-बिता सगळं व्यवस्थित, पण ऐरण नाही. ही ओळ वाचून मी खुर्चीवरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गैरहजर ऐरणीमागे काय काय झालं असेल ते मला दिसत होतं: कोणीतरी यादीत ‘फिरती लोहारशाळा, नग २’ लिहिलं, कोणीतरी दोन नग मोजले, कोणीतरी सही केली. नग बरोबर भरले. लोहाराला मात्र घोड्याचा नाल ठोकता येईना.

शिध्याचं कंत्राट होतं विल्यम ड्यूअरकडे. हा पूर्वी अर्थखात्यात मंत्री हॅमिल्टनचा सहायक होता, आता न्यूयॉर्कात रोख्यांचा सट्टा खेळत होता. आणि त्याच १७९१ मध्ये ईशान्येकडच्या ‘मेन’ नावाच्या भागातल्या लाखो एकर जमिनीच्या व्यवहारात तो नॉक्सचा भागीदार होता. कंत्राटदार आणि युद्धमंत्री. कागदावर पीठ आहे, पण पिठाचा पैसा दुसरीकडे फिरतोय. ड्यूअरचा फुगा मार्च १७९२ मध्ये फुटला, न्यूयॉर्कचा बाजार त्याच्यासह कोसळला आणि तो कर्जापायी तुरुंगात गेला. त्यातून बाहेर न पडताच १७९९ मध्ये गेला.

पण पीठ त्याआधीच संपत आलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस सेंट क्लेअरची फौज जंगलात अर्धपोटी चालत होती. ३१ तारखेला मिलिशियाचे, म्हणजे हंगामी नागरी फौजेचे, साठेक लोक पळाले. मागून पिठाचा तांडा येत होता. पळालेले लोक तो लुटतील या भीतीने सेंट क्लेअरने आपली सर्वांत अनुभवी पलटण, पहिली रेजिमेंट, तांड्याच्या रक्षणाला मागे पाठवली. चार दिवसांनी, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालच्या मूळनिवासी योद्ध्यांनी छावणीवर झडप घातली. छावणीत साधारण १४०० लोक होते, त्यांतले सहाशेहून जास्त शिपाई तीन तासांत मारले गेले. मूळनिवासींकडून अमेरिकेच्या फौजेचा इतका मोठा पराभव पुढे कधीही झाला नाही. आणि सगळ्यात चांगली पलटण त्या सकाळी पीठ राखत होती.

तुम्ही विचारलंत इतिहास कुठे आहे. मी ‘लढाई’ हा शब्द शोधणं सोडून दिलंय. पत्राची तारीख बघतो, मिळाल्याची तारीख बघतो, आणि मधे किती दिवस गेले ते पेन्सिलीने समासात लिहितो. १७९१ च्या उन्हाळ्यातले ते आकडे एकाखाली एक मांडले की नोव्हेंबरची पहाट आधीच दिसायला लागते.

इथे एक अवांतर, पण राहवत नाही. सेंट क्लेअर ज्या मे १७९१ मध्ये ओहायोकाठी सामानाची वाट बघत होता, त्याच महिन्यात आपल्याकडे श्रीरंगपट्टणसमोर लॉर्ड कॉर्नवॉलिस उपाशी बसला होता. हाच तो कॉर्नवॉलिस, ज्याने दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला जनरल वॉशिंग्टनपुढे हत्यार ठेवलं, आणि तिथे अमेरिकी तोफखाना होता याच नॉक्सच्या हाती. टिपूवर चालून आलेल्या त्याच्या फौजेचे बैल मेले, दाणा संपला, वेढ्याच्या तोफा निकामी करून टाकून माघारी फिरायची वेळ आली. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली आणि तिच्याबरोबरचा बाजार. धान्य होतं, भाव मात्र कडक होते. इंग्रज जगले ते त्या बाजारावर. आपल्याकडे फौजेबरोबर बाजार चालायचा आणि बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणायचे. अमेरिकेच्या जंगलात असा बाजार नव्हता, तिथे सगळी भिस्त फिलाडेल्फियातल्या एका कंत्राटावर. दोन्ही पत्रव्यवहार शेजारी ठेवून कोणी प्रबंध लिहिला तर मी पहिला वाचक.

पराभवानंतरचे कागद तर अजिबात सोडू नका. मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली, त्या सभागृहाची ही पहिलीच चौकशी. समितीने युद्धखात्याकडे कागद मागितले. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टनने मंत्र्यांना बोलावून विचारलं, द्यायचे का? ठरलं असं, की ज्यांच्यामुळे सार्वजनिक हानी होईल असे कागद राष्ट्राध्यक्ष रोखून ठेवू शकतो, पण यातले काही रोखण्यासारखे नाहीत, नकला देऊन टाका. राष्ट्राध्यक्षाने संसदेपासून कागद लपवावेत की नाही यावर अमेरिकेत आजही कोर्टकचेऱ्या होतात. त्या वादाचा पहिला धागा या पिठा-बुटांच्या पावत्यांत आहे. समितीने सेंट क्लेअरला दोष दिला नाही, क्वार्टरमास्टर आणि कंत्राटदाराच्या कारभाराला दिला. नॉक्स आणि हॉजडन दोघेही खवळले. हॉजडनची काही काळाने पुन्हा फिलाडेल्फियातल्या लष्करी भांडारावरच वर्णी लागली. (मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.)

मे १७९२ च्या कायद्याने लष्करासाठीची खरेदी युद्धखात्याकडून काढून अर्थखात्याला दिली. म्हणजे बूट कोणाला हवेत ते एक खातं सांगणार, बूट घेणार दुसरं. १७९५ मध्ये खरेदीसाठी ‘पर्व्हेयर’ नावाचा वेगळा अधिकारी आला. १७९८ मध्ये अधिकार परत युद्धखात्याकडे. हा झोका वाचून कंटाळा येईल, मलाही येतो. पटकन पुढे जा.

सेंट क्लेअरच्या जागी आलेल्या जनरल अँथनी वेनची पत्रं मात्र सावकाश वाचा. सेंट क्लेअरचं जे झालं ते आपलं होऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं दिसतं. तो दोन वर्षं माणसं तयार करतो, पुढची ठाणी बांधतो, त्यांत धान्य भरतो, आणि इलियट आणि विल्यम्स या कंत्राटदारांवर नॉक्सकडे तक्रारींचा पाऊस पाडतो. १७९३ च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, शहरातली हजारो माणसं गेली, सरकारी कचेऱ्या ओस पडल्या. तिकडे वेन जंगलात. अखेर २० ऑगस्ट १७९४ ला मूळनिवासींविरुद्धची फॉलन टिंबर्सची लढाई तो तासाभरात जिंकला. पाठ्यपुस्तकात त्या तासावर एक परिच्छेद असतो. पत्रांमध्ये त्याच्या आधीची दोन वर्षं आहेत.

त्यानंतरच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह झाला. मूळनिवासींनी आजच्या ओहायोचा मोठा भाग सोडला, बदल्यात २०,००० डॉलरचा माल आणि दरसाल ९,५०० डॉलरचा. मूळनिवासींशी व्यवहार तेव्हा युद्धखात्याकडेच होता. त्यामुळे भांडाराच्या यादीत बंदुकीच्या गोळ्या आणि त्यांच्यासाठीची ब्लँकेट, किटल्या, कापड एकाच हस्ताक्षरात, एकाखाली एक येतात. लिहिणाऱ्या कारकुनाला दोन्हींत फरक करायचं कारण नव्हतं. वाचणाऱ्याला आहे.

गंमतही भरपूर आहे. १७९९ मध्ये फ्रान्सशी लढाईच्या धास्तीने नवी फौज उभारली गेली आणि हॅमिल्टन तिचा इन्स्पेक्टर जनरल होता. तो युद्धमंत्री मॅकहेन्रीला टोप्यांवरून पत्र लिहितो. आलेल्या टोप्या एकाच बाजूने वर दुमडलेल्या, पट्टी नाही, फितीचं फूल नाही, बटण नाही, त्याचा फास नाही. शिपायाला जरा ऐट वाटली पाहिजे, त्यासाठी पोशाख नेटका हवा, असं तो मंत्र्याला ऐकवतो. ज्याने देशाची बँक उभी केली तो माणूस टोपीच्या बटणासाठी भांडतोय. मला तो या पत्रात जितका कळला तितका बाकी कुठे कळला नाही. खुद्द वॉशिंग्टनसुद्धा यातून सुटला नाही. त्याच वर्षी त्याने फिलाडेल्फियाच्या शिंप्याकडे सेनापतीचा नवा पोशाख टाकला होता. त्यावरच्या भरतकामाला लागणारा सोन्याचा कलाबतू मिळेना. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन वारला, पोशाख आलाच नाही.

बंदुकांचंही तेच. कारखानदार एली व्हिटनीने जून १७९८ मध्ये १०,००० बंदुका १,३४,००० डॉलरला सप्टेंबर १८०० पर्यंत देतो म्हणून करार केला. शेवटची बंदूक १८०९ मध्ये मिळाली. मधली त्याची पत्रं मुदतवाढीचा नमुना म्हणून टेंडर विभागात लावावीत अशी आहेत.

वाचायला जड जातंय असंही तुम्ही लिहिलंय. थोडी किल्ली देतो. रकान्यात ‘डू’ दिसेल ते ‘डिट्टो’चं रूप, आपल्या जुन्या हिशेबी कागदांतलं ‘कित्ता’. मी पहिले आठ दिवस त्याला क्रियापद समजत होतो. तारखेपुढे ‘इन्स्ट’ असेल तर याच महिन्याची, ‘अल्ट’ असेल तर मागच्या. आपल्या मोडी पत्रांत ‘छ’ आला की चांद्र तारीख, तसाच हा प्रकार. शब्दाच्या मधे लांब ‘एस’ येतो, तो ‘एफ’सारखा दिसतो, फसू नका. शेवटचं ‘आपला आज्ञाधारक सेवक’ वाचून मात्र लिहिणारा नम्र आहे असं समजू नका. सर्वांत जळजळीत पत्रांखालीही तेच असतं.

प्रकल्पासाठी एकच माणूस निवडायचा असेल तर माझं मत विल्यम सिमन्सला. नॉक्स-हॅमिल्टनवर सगळेच लिहितात. हा १७९५ पासून युद्धखात्याचा हिशेबनीस, म्हणजे ऑडिटवाला. आमच्या भाषेत ‘ऑब्जेक्शन काढणारा’. पावती नाही? रक्कम नामंजूर. सही आहे पण अधिकार दिलेला नाही? नामंजूर. सीमेवरचे अधिकारी त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मी आयुष्यभर अशा माणसांना वैतागलो, आणि निवृत्त झाल्यावर कबूल करतो, त्यांच्यामुळेच माझी वही सरळ राहिली. सिमन्स १९ वर्षं त्या खुर्चीत होता, चार राष्ट्राध्यक्ष बघितले, आणि वरिष्ठांशी उद्धटपणा केला म्हणून १८१४ च्या उन्हाळ्यात मॅडिसनने त्याला काढून टाकलं.

काही आठवड्यांतच, २४ ऑगस्टला, इंग्रज फौज वॉशिंग्टनवर चालून आली. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन घोड्यावरून शहराजवळच्या ब्लेडन्सबर्ग गावाच्या दिशेने निघाला होता. आपली फौज कुठे आणि शत्रू कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. समोरून एक घोडेस्वार आला आणि ओरडला, शत्रू ब्लेडन्सबर्गात शिरलाय. तो सिमन्स होता. नोकरी गेलेला हिशेबनीस स्वतःहून पुढे जाऊन टेहळणी करत होता. मॅडिसनचा विश्वास बसेना. मग तो आणि सोबतची मंडळी घोडे वळवून निघाली, आणि सिमन्स मागून ओरडतोय, थांबा, दाखवतो ना!

शत्रूचीही त्याने पडताळणी करून ठेवली होती. त्याच्या आक्षेपांपासून वाचायला लागा. अडलं तर इथेच खाली लिहा, ‘डू’ आणि ‘अल्ट’पुरती तरी मदत करीन.